घरची हवा

यंत्राचं म्हणणं असं होतं, की त्या घरात दोन माणसं राहतात.

कुंदाताई पिलारे हसल्या. अकरा वर्षं त्या घरात त्या एकट्या राहत होत्या. मांजरसुद्धा पाळलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "रोहिणी, तुझ्या यंत्राले चाळिशी लागली. एकाचे दोन दिसून राहिले त्याले."

रोहिणी उके हसली नाही. ती 'हातभार'च्या नागपूर कार्यालयातली पंचविशीची तंत्रज्ञ. पावसाळा संपला की जिल्ह्यातल्या स्वयंसेवकांच्या घरोघरी जाऊन ती यंत्रं तपासायची, आणि कुंदाताईंकडे आली की जेवूनच जायची. तिने ओट्यावरचा जेवणाच्या डब्याएवढा खोका पुन्हा सुरू केला. पंखा घुं घुं करत फिरला. दोघींनी वरणभात खाल्ला. खोक्याने पुन्हा तोच आकडा दाखवला.

पाहुणे आले होते का, असं तिने विचारलं. नाही. वीजवाला, गॅसवाला? कोणीही उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं.

"पुरुष आहे, काकू. सप्टेंबरच्या चार-पाच तारखेला काही तास इथे होता."

सप्टेंबरच्या चार-पाच तारखेला कुंदाताई घरी नव्हत्या. वैनगंगेला पूर आला होता आणि त्या पलीकडच्या तालुक्यात एका शाळेतल्या छावणीत होत्या. घराला कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्या कमरेला होती.

रोहिणीने जाताना दारावर पिवळी चिठ्ठी चिकटवली. जनगणनेवाले, पोलिओवाले दारावर खुणा करून जातात, तशीच ही 'हातभार'ची खूण. तिच्यावर दरवर्षी लिहिलेलं असे: घरात राहणारी माणसं, एक. यंदा तिने आकड्याची जागा कोरी ठेवली. महिन्याभरात खुलासा द्यावा लागेल, असं ती खाली बघत म्हणाली.

'हातभार' ही संस्था ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही देशभर पसरलेली संस्था पगार देत नाही, आणि तरी तिला माणसं कमी पडत नाहीत. पूर येवो, भूकंप होवो, कुठे आग लागो, हळदी रंगाची जाकिटं घातलेली ही मंडळी दुसऱ्या दिवशी हजर. त्यांत मास्तर असतात, कंडक्टर असतात, शिवणकाम करणाऱ्या बाया असतात. कोणी भात शिजवतं, कोणी जखमा बांधतं. कुंदाताई सरकारी आरोग्य केंद्रातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, तेव्हा त्यांनी जखमा बांधायला हव्या होत्या. पण त्यांनी हट्टाने शोध विभाग मागून घेतला. ताटातूट झालेल्यांना शोधायचं, हे त्या विभागाचं काम.

पूर्वी हे काम फोटो आणि याद्या घेऊन दारोदार फिरून चालायचं. मग 'मागोवा' आला, म्हणजे हाच तो खोका. माणूस जिथे बसतो-उठतो तिथे तो स्वतःला थोडंथोडं सांडत असतो. श्वासातून, शिंकेतून, अंगावरच्या न दिसणाऱ्या कोंड्यातून त्याच्या पेशी हवेत जातात आणि धुळीत बसतात. प्रत्येक पेशीत त्याचा डीएनए असतो, म्हणजे काही केल्या न बदलणारी ओळख. मागोवा हवा ओढतो, कागदी गाळणीवर धूळ धरतो आणि तिच्यातले डीएनएचे तुकडे वाचतो. हे तुकडे दिवसेंदिवस मोडत जातात. ते किती मोडले यावरून माणूस तिथे कधी होता हे साधारण दीड महिन्यापर्यंत सांगता येतं. हरवलेल्या माणसाचा नमुना हाताशी नसला तरी अडत नाही. लेकराची निम्मी ओळख आईकडून आलेली असते, तेव्हा आईच्या थुंकीवर भागतं. हजार माणसांच्या छावणीत तासभर खोका लावला की कळतं, या आईचं लेकरू इथे येऊन गेलं की नाही.

यात एकच अडचण होती. खोका नेणारा स्वयंसेवकही सांडतच असतो, आणि कपड्यांवरून आपल्या घरची धूळही बरोबर नेतो. हातभारवाल्याची म्हातारी सासू भूकंपाच्या गावात 'सापडली' असे घोटाळे सुरुवातीला बरेच झाले. त्यावर तोडगा असा निघाला, की प्रत्येक स्वयंसेवकाने दरवर्षी आपल्या घरची हवा खोक्याला द्यायची. तिच्यात जो कोणी असेल तो 'वजा यादी'त जायचा. मग देशातल्या कुठल्याही मागोव्याला तो माणूस दिसला, तरी मागोवा त्याला न दिसल्यासारखं करायचा. जुना खोका घरातली माणसं मोजत नसे, डोळे मिटून सगळ्यांना वजा करी. यंदाच्या खोक्याला मोजता येत होतं. फरक काय तो एवढाच होता.

रोहिणी गेली त्याच संध्याकाळी कुंदाताई बाजारात गेल्या आणि नवं कुलूप घेऊन आल्या.

त्यांचं घर आवळटोला गावाच्या अगदी टोकाला होतं. पुढचं दार आतून अडसर लावून बंद, जाणंयेणं मागच्या दाराने. मागे बोडी, म्हणजे पाण्याचं लहानसं तळं, आणि पलीकडे धानाची शेतं. तिकडून कोणी आलं तरी बघायला बगळ्यांशिवाय कोणी नसे. कुंदाताई भित्र्या नव्हत्या. पुरातून काढलेली प्रेतं त्यांनी स्वतःच्या हातांनी धुतली होती. पण आपल्या माघारी कोणीतरी आपल्या घरात बसून श्वास घेतं, चोरत काही नाही, नुसताच श्वास घेतं, हे त्यांना पचेना. कपाट उघडून पाहिलं, सगळं जागच्या जागी होतं. काही गेलेलं असतं तर त्यांना हायसं वाटलं असतं.

चार दिवस त्यांनी बारीकसारीक आठवण्यात घालवले. मोरीतला नळ दोन वर्षांपूर्वी ठिबकायचा आणि एका छावणीहून परतल्यावर तो ठिबकेनासा झाला होता. आपोआप बसला असेल, असं तेव्हा वाटलं होतं. सायकलच्या चाकात कधी हवा भरावी लागत नसे. छपरावरचं एक कौल सरकलं होतं ते सरळ झालं होतं, ते वाऱ्याने झालं म्हणावं तर वारा कौलं सरकवतो, बसवत नाही. एकट्या बाईला आपल्या स्मरणशक्तीवर संशय घ्यायची सवय असते. कुंदाताईंनी प्रत्येक वेळी वयाला दोष देऊन विषय संपवला होता.

पाचव्या दिवशी त्या भिंतीवरच्या घड्याळाखाली उभ्या होत्या. साडेदहा वाजले होते, काटा टिकटिक पुढे सरकत होता. आणि त्यांच्या लक्षात आलं, की या घड्याळाचा सेल आपण आजवर एकदाही बदललेला नाही.

त्यांनी तिथूनच रोहिणीला फोन लावला. मागच्या नऊ वर्षांच्या घरच्या हवेच्या गाळण्या नागपूरला जपून ठेवलेल्या असतात, त्या नव्या खोक्यात घालून वाच म्हणाल्या. दोन दिवसांनी रोहिणीचा फोन आला. नऊही कागदांवर दोन माणसं होती, आणि दुसरा दर वेळी तोच होता.

कुंदाताईंनी खुर्ची ओढून घेतली. "माझ्या फायलीशी लावून पाह्य त्याले," त्या म्हणाल्या.

उद्या सांगते म्हणून रोहिणीने फोन ठेवला.

ती फाइल अकरा वर्षांपूर्वीची होती. धरणाचे दरवाजे अचानक उघडले आणि आवळटोल्यात पाणी शिरलं, त्या दिवशी कुंदाताई आरोग्य केंद्रात कामावर होत्या. नवरा त्याआधीच वारला होता. घरी सोळा वर्षांचा हर्षल आणि सात वर्षांची चिऊ. हर्षलने बहिणीला डोंग्यात, म्हणजे लहानशा होडीत घातलं, दाराला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली आणि शाळेच्या टेकडीकडे निघाला. डोंगा विजेच्या खांबाला आपटून उलटला. तो एकटाच टेकडीवर पोचला, ओला, हातात बहिणीची एक बांगडी. कुंदाताई धावत आल्या. शंभर माणसांसमोर त्यांनी त्याला एकच वाक्य विचारलं: "तिले सोडून तू कसा आला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथे नव्हता. चिऊ तिसऱ्या दिवशी सापडली, तिचा फोटो घड्याळाशेजारी लागला. हर्षल बहिणीला शोधायला पुन्हा पाण्यात उतरला आणि तोही गेला, असं गावाने ठरवून टाकलं. कुंदाताईंनी मात्र भिंतीवर दुसरा फोटो लावू दिला नाही. त्यांनी 'हातभार'कडे शोधाचा अर्ज भरला. पुढे मागोवा आला तेव्हा जाकीट घालून त्या स्वतःच खोका घेऊन निघाल्या. अर्जात एक चौकट असते: 'सापडल्यास द्यायचा निरोप, सात ओळींत'. ती त्यांनी कोरी ठेवली होती. त्या वाक्यानंतर काय लिहायचं, हे त्यांना अकरा वर्षांत सुचलं नव्हतं. आणि त्या दाराचं कुलूपही त्यांनी कधी बदललं नव्हतं. त्याची दुसरी किल्ली कोणाच्या खिशात होती, हे त्या कोणाजवळ बोलल्या नाहीत.

आणि आता त्यांनी ते बदललं होतं.

शोध विभागाचा एक नियम आहे, आणि तो मोडणाऱ्याचं जाकीट त्याच दिवशी काढून घेतात. माणूस सापडला की शोधणाऱ्याला सांगायचं नाही. आधी सापडलेल्याला विचारायचं: तुमची खुशाली घरच्यांना कळवू का? तो हो म्हणाला तरच कळवायचं. सापडलाच नसेल तर घरच्यांना सांगायचं, शोध चालू आहे. सापडला आणि नाही म्हणाला, तर सांगायचं, याबाबत संस्थेला काही कळवता येत नाही. त्यापुढे एक शब्द बोलायचा नाही.

कुंदाताईंनी हे दुसरं वाक्य कितीतरी जणांना ऐकवलं होतं. त्यांतला एक गोविंदा ठेंगरी, नदीपलीकडचा म्हातारा. त्याची मुलगी कुंदाताईंनीच शोधून काढली होती, आणि मुलीने हात जोडून सांगितलं होतं, बापाला कळवू नका. ठेंगरीने वाक्य ऐकलं आणि दहा लोकांत आवाज चढवला, "तुमचं लेकरू राह्यलं असतं तं समजलं असतं तुमाले." कुंदाताईंनी ऐकून घेतलं. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला, तोच प्रश्न घेऊन. त्यांनी तेच वाक्य म्हटलं. म्हातारा म्हणाला, "म्हणजे हाये." तेव्हापासून धान निघालं की तो दरवर्षी येतो, तेच वाक्य ऐकतो, चहा पितो आणि समाधानाने घरी जातो.

रोहिणीचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. आधी तिने काकू जेवल्या का ते विचारलं. मग घसा साफ केला.

"काकू, याबाबत संस्थेला काही कळवता येत नाही."

नियमाने हे वाक्य त्या माणसाला विचारल्यानंतरच म्हणायचं असतं. रोहिणीने ते आधीच म्हटलं. पोरीने नियम मोडला नाही, जरासा वाकवला.

कुंदाताईंनी फोन खाली ठेवला आणि पहिलं काम केलं ते म्हणजे नवं कुलूप काढून बोडीत फेकून दिलं. जुनं लावलं. मग उंबऱ्यावर बसून त्या खूप रडल्या, आणि रडता रडता त्यांना सगळा हिशोब उलगडत गेला.

कुठल्या छावणीत कोण स्वयंसेवक आहे ते 'हातभार' आपल्या संकेतस्थळावर रोज टाकतं. ते कोणालाही वाचता येतं. कुंदाताई त्याला शोधायला बाहेर पडायच्या, आणि त्या बाहेर पडल्या की तो घरी यायचा. तो येऊन गेला की त्याचा श्वास घरच्या हवेत राहायचा. ती हवा कुंदाताई स्वतःच्या हातांनी खोक्यात भरायच्या. आणि मग देशातल्या शेकडो खोक्यांपैकी एकालाही तो दिसायचा नाही. तो कुठल्या छावणीत, कुठल्या धर्मशाळेत, कदाचित त्यांच्याच खोक्यासमोर झोपून उठला असेल, आणि खोका गप्प राहिला असेल. आईनेच त्याला तसं शिकवलं होतं.

आता दोनच वाटा होत्या. खुलाशात 'दुसरी व्यक्ती घरची नाही' असं लिहिलं, तर तो वजा यादीतून निघणार होता. मग आज ना उद्या कुठलातरी खोका बोलेल, कोणीतरी हळदी जाकीट त्याच्यासमोर उभं राहील. तो हो म्हणेल, किंवा आपला माग लागतो आहे हे कळून आणखी लांब निघून जाईल. दुसरी वाट सोपी होती, आणि ती सुचल्याची कुंदाताईंना लाज वाटली.

ऑक्टोबरच्या शेवटी परतीच्या पावसाने गडचिरोलीकडे पाणी भरलं. कुंदाताईंनी छावणीसाठी नाव दिलं. संकेतस्थळावर नाव झळकलं. जाकीट घालून त्या सगळ्या गावासमोरून बसथांब्यापर्यंत चालत गेल्या. तिथून पथकप्रमुखाला फोन करून ताप आल्याचं सांगितलं, आणि धानाच्या बांधाबांधाने घरी परत आल्या. नऊ वर्षांत त्या पहिल्यांदा खोटं बोलल्या होत्या आणि पहिल्यांदाच कामाला गेल्या नव्हत्या. मागच्या दाराला बाहेरून लावलेलं जुनं कुलूप तसंच ठेवून त्या मुद्दाम अडसर न लावता ठेवलेल्या पुढच्या दाराने आत शिरल्या आणि अडसर लावला. मग स्वयंपाकघरात जाऊन त्याचं दारही आतून कडी घालून बंद केलं.

दीड दिवस त्या तिथे बसून होत्या. चूल नाही, पंखा नाही, दिवा नाही. भिजवलेले पोहे आणि गूळ. आपल्याच घरात आपण चोरासारख्या बसलो आहोत असं आधी वाटलं, मग चोरासारखंही वाटेना. पलीकडच्या खोलीत घड्याळ टिकटिक करत होतं, बोडीत बेडूक ओरडत होते, आणि घर त्यांच्याशिवाय जसं असतं तसं होतं. आपण मेल्यावर हे असंच राहील, असं त्यांच्या मनात आलं. घरात भूत कोण, तो की आपण, हे त्यांना ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमाराला कुलपात किल्ली फिरली.

त्यांनी तोंडावर पदर धरला. श्वास ऐकू जाऊ नये म्हणून. दार उघडलं. चपला काढल्याचा आवाज आला, एक, मग दुसरी, आणि त्या भिंतीशी नीट लावून ठेवल्याचा. लहानपणी हे सांगून सांगून त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. पावलं जड होती, मोठ्या माणसाची. स्टूल सरकलं. घड्याळ थांबलं. काही क्षण घरात एकही आवाज नव्हता. मग टिकटिक पुन्हा सुरू झाली.

तो चिऊच्या फोटोसमोर उभा असावा. पुटपुटल्यासारखं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. मधेच तो हसला, लहानसं, बहिणीला चिडवल्यासारखं. हसणं बापासारखं होतं. कुंदाताईंनी दाराची कडी मुठीत धरली. उघडायला एक बोट पुरलं असतं. अकरा वर्षं ज्यासाठी तडफड केली ते सहा पावलांवर होतं.

आणि मग पावलं स्वयंपाकघराकडे आली. अर्थातच आली, माठ आत होता. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्याने दार लोटलं. दार हललं नाही. पुन्हा लोटलं, जरा जोराने. कडी खडखडली आणि थांबली.

बाहेरून कुलूप लावलेल्या रिकाम्या घरातली खोली आतून बंद होती. त्याला कळायला वेळ लागला नसेल. दाराच्या फळ्यांमधल्या फटीतून त्यांना एक मनगट दिसत होतं, केसाळ, अनोळखी, त्यावर धाग्यात बांधलेली एक लहानशी हिरवी बांगडी. दोघांच्या मध्ये बोटभर जाडीचं लाकूड होतं, आणि दोघं श्वास घेत होती.

आता हा पळणार, हे कुंदाताईंना कळलं. हाक मारली तर पळेल, दार उघडलं तर पळेल, आणि मग घरीही येणार नाही. कामाच्या नऊ वर्षांत त्यांनी अशी शेकडो दारं पाहिली होती. बंद दाराशी काय बोलायचं असतं, ते त्यांना पाठ होतं. त्यांनी पदर खाली घेतला आणि छावणीतल्या आवाजात बोलायला सुरुवात केली.

"नमस्कार. मी 'हातभार'कडून आले आहे. तुमच्या घरचे तुमचा शोध घेत आहेत. तुम्ही कुठे आहात, हे आम्ही त्यांना सांगितलेलं नाही, आणि तुमच्या परवानगीशिवाय सांगणार नाही. तुमची खुशाली त्यांना कळवू का?"

त्यांचा आवाज कुठेही फाटला नाही, याचं पुढे त्यांना स्वतःलाच नवल वाटत राहिलं. पोटच्या पोराला त्या 'तुम्ही' म्हणाल्या होत्या.

मनगट खाली गेलं नाही.

"आता नको," तो म्हणाला. आवाज घोगरा होता. मग जरा वेळाने, "आता नको जी. पण तुम्ही येत जा इचाराले."

"बरं," कुंदाताई म्हणाल्या. नियमात 'का' विचारायला परवानगी नाही.

"त्या बऱ्या आहेत न?"

"बऱ्या आहेत. गुडघे दुखतात." आणि मग त्यांना त्या कोऱ्या चौकटीत काय लिहायचं ते सापडलं. सात ओळी लागणार नव्हत्या. "त्यांचा एक निरोप आहे तुमच्यासाठी. देऊ?"

तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मनगट तिथेच होतं.

"त्या म्हणतात, तू आला हे बरं केलं. त्या दिवशी टेकडीवर तू आला, हे बरं केलं. तेव्हाच म्हणाले पाहिजे होतं मी."

शेवटच्या शब्दाला 'हातभार'चा आवाज सुटला आणि आईचा आला. त्यांनी कपाळ दाराला टेकवलं. पलीकडून लाकडावर काहीतरी टेकल्यासारखं वाटलं, कपाळ असेल किंवा नुसता तळहात. किती वेळ, ते त्यांना सांगता येणार नाही. मग पावलं दूर गेली. चपला घातल्या. दार ओढलं गेलं, कुलूप लागलं, आणि लागलं की नाही ते बघायला त्याने ते एकदा ओढून पाहिलं. बोडीच्या बाजूने बगळे उडाल्याचा आवाज आला.

कुंदाताई अंधार पडेपर्यंत कडी न काढता तिथेच बसून राहिल्या. त्या दुःखी नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने त्या छावणीत गेल्या. पथकप्रमुखाला ताप खोटा होता म्हणून सांगितलं, बोलणी खाल्ली, आणि उरलेले चार दिवस शोधाचा खोका दुसऱ्याकडे देऊन भाताच्या पातेल्यापाशी काढले.

रोहिणी नोव्हेंबरात आली. खुलाशाचा कागद तिने ओट्यावर ठेवला आणि उगाच पिशवीत काहीतरी शोधत राहिली. कुंदाताईंनी चष्मा लावला. 'घरात राहणाऱ्या एकूण व्यक्ती' यासमोर त्यांनी आकडा लिहिला आणि कागद परत सरकवला. रोहिणीने वाचलं. एकदा दोन लिहिलं की दुसरा माणूस कायमचा वजा यादीत जाईल, मग देशातला कुठलाच खोका त्याला कधी दाखवणार नाही, हे तिने सावकाश, शब्द तोलून सांगितलं.

"माहीत आहे मले."

"काकू, नक्की दोन?"

"दोनच आहेत," कुंदाताई म्हणाल्या. "एक कामाले बाहेर राहते."

रोहिणीने दारावरच्या पिवळ्या चिठ्ठीत काळ्या शाईने मोठा दोनाचा आकडा काढला. बोडीच्या बांधावरूनही वाचता यावा, एवढा मोठा. तसा तो काढायची काही गरज नव्हती.

आठवडाभरात किनाऱ्याकडे वादळ आलं आणि पथकाला बोलावणं आलं. संकेतस्थळावर नाव लागलं, सहा दिवसांसाठी. कुंदाताईंनी माठ स्वयंपाकघरातून उचलून पुढच्या खोलीत आणून भरून ठेवला. जाकीट घातलं. मागचं दार ओढलं, जुनं कुलूप लावलं आणि ते लागलं की नाही ते एकदा ओढून पाहिलं.

मग बांधाबांधाने न जाता त्या सरळ रस्त्याने, सगळ्या गावाला दिसेल अशा, बसथांब्याकडे चालू लागल्या. जाकिटाच्या खिशात घड्याळाचा सेल होता. निघताना त्यांनी तो काढून घेतला होता.